बूट तपासायची सवय

पुण्याबाहेरच्या लोकांना हे दरवेळी समजावून सांगावं लागतं की आमच्या पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. सगळ्या राज्यात एकाच दिवशी मशिनी बंद आणि बाकी दिवस विजेची बोंब असं होऊ नये म्हणून एमआयडीसींना, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतींना, वेगवेगळे वार वाटून दिलेले, आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे लहानपणी माझ्या डोक्यातला आठवडा असा होता की रविवारी आम्ही घरी आणि बाबा कामावर, गुरुवारी बाबा घरी आणि आम्ही शाळेत. शाळेतून आल्यावर बाबा बनियनवर पेपर वाचताना दिसले म्हणजे आज गुरुवार, कॅलेंडर बघायची गरजच नाही.

2000 साली मी पाचवीत होते आणि एका मंगळवारी बाबा बनियनवर पेपर वाचत होते.

मी विचारलं, बाबा आज मंगळवार आहे ना? आईने आतूनच उत्तर दिलं, अगं मेंटेनन्स चाललाय वर्कशॉपमध्ये. ठीक आहे, मेंटेनन्स. पुढच्या आठवड्यात सोमवारी पण मेंटेनन्स आणि बुधवारी पण. पाचवीतल्या मुलीला मेंटेनन्स म्हणजे काय हे माहीत नसतं पण आई बाबांच्या ऐवजी उत्तर देते तेव्हा काहीतरी गडबड असते एवढं माहीत असतं.

आता मोठेपणी वाचून, लोकांशी बोलून जे कळलं ते सांगते. त्या दोनतीन वर्षांत आमच्या पट्ट्याची हवाच गेली होती. लोकांनी स्कूटर सोडून मोटरसायकली घ्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे स्कूटरचे पार्ट बनवणाऱ्यांचं काम आटत चाललेलं. ट्रकचा धंदा बसला, टेल्कोसारख्या कंपनीला 2000-01 या एका वर्षात 500 कोटींचा तोटा झाला (टाटा मोटर्स हे नाव 2003 नंतरचं, आमच्याकडे म्हातारे लोक अजून टेल्कोच म्हणतात). मोठ्या कंपन्यांत व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, नोटिसा लागल्या. पण मोठ्या कंपनीत निदान व्हीआरएस तरी असते, हातात काहीतरी रक्कम येते, युनियन असते, ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर कायद्याने अर्धा पगार मिळतो. तो ले-ऑफचा नियम पन्नासच्या खाली कामगार असलेल्या कारखान्याला लागूच नाही. आणि माझे बाबा होते भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर, लेथवर, म्हणजे लोखंड गोल फिरवत कापायच्या मशिनवर, सगळे मिळून वीसबावीस माणसं. कोणाला माल द्यायचे ते सोडा. मोठ्या कंपनीने महिन्याचं शेड्यूल निम्मं केलं की इथे निम्म्या मशिनी बंद, आधीच्या मालाचं पेमेंट तीनचार महिने अडकलेलं, मालक म्हणणार उद्या येऊ नका परवा या. नंतर परवा पण येऊ नका.

आणि हे सगळं चाललेलं अशा शहरात जे जकातीच्या जोरावर आशियातली सगळ्यात श्रीमंत महापालिका म्हणून मिरवत होतं. रस्ते गुळगुळीत, चौकाचौकात कारंजी. घरात दूध एका लिटरवरून अर्ध्यावर.

मोठ्या माणसांना वाटतं मुलांना काही कळत नाही. अहो मुलांना दुसरं काम काय असतं? दिवसभर घरात बघायचंच तर असतं. आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या आणि त्या जागी बेंटेक्सच्या आल्या, त्यांचा आवाज वेगळा येतो, भांडी घासताना. फोनचं आऊटगोइंग बंद झालं, इनकमिंग चालू, तर आई शेजारच्या काकूंना सांगत होती की लाईनमध्ये फॉल्ट आहे. आणि रात्री आम्ही झोपलो असं समजून आईबाबा जे बोलायचे ते कुजबुजत, पण आकडे कोणालाच कुजबुजत बोलता येत नाहीत, आकडा आला की आवाज चढतोच. मला आकडे सगळे माहीत होते, फक्त ते कशाचे ते माहीत नव्हतं.

मग एक दिवस सगळं नॉर्मल झालं. बाबा सकाळी डबा घेऊन निघायला लागले, संध्याकाळी परत यायला लागले. आम्हाला सांगण्यात आलं की बाबांना दुसरीकडे काम लागलंय, चाकणच्या बाजूला, चांगली कंपनी आहे. धाकटा भाऊ खूश. मी पण खूश, साधारण आठवडाभर.

इथे बुटांचं सांगावं लागेल. लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या सेफ्टी शूजच्या तळव्यात लोखंडाच्या चिप्स रुततात. टर्निंग करताना निघणारी ती कुरळी पट्टी असते ना, तिचे तुकडे. घरात आले की पायात घुसतात म्हणून आमच्याकडे बाबांचे बूट कायम दाराबाहेर, आणि बुधवारी रात्री पिन घेऊन त्या चिप्स काढायचं काम माझ्याकडे, लाडाचं काम. काही चंदेरी असायच्या, काही जास्त तापून निळ्याजांभळ्या झालेल्या, मोरपिसासारख्या, आणि कधी पितळेचं काम असलं तर सोनेरी. चांगल्या दिसणाऱ्या मी कंपासपेटीत ठेवायचे. एकदा बोट कापलं होतं चांगलंच, तरी ठेवायचे.

त्या नव्या कंपनीच्या पहिल्या बुधवारी मी पिन घेऊन बसले तर तळव्यात चिप्सच नाहीत. लाल माती होती, थोडं वाळलेलं गवत होतं, एक खडा होता. पुढच्या बुधवारी पण तेच. कूलंटचा, म्हणजे मशिन थंड ठेवायच्या पाण्याचा, जो वास यायचा बुटाला, आंबूस तेलकट, तो पण उडालेला.

मी कोणाला काही बोलले नाही. पिन परत डब्यात ठेवली आणि आत गेले. बाबा भावाला सांगत होते की नव्या शॉपमधली मशीन केवढी मोठी आहे, कशी कॉम्प्युटरवर चालते वगैरे. छान वर्णन करत होते. मी पण ऐकत बसले, मान डोलवत होते मध्येमध्ये.

(ते कुठे जायचे हे बऱ्याच वर्षांनी कळलं. एमआयडीसीत गेटोगेट फिरायचे, वॉचमनला विचारायचे, आणि दुपारी आकुर्डी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर बसून डबा खायचे. लोणावळा लोकल जाता-येताना बघत.)

याच काळात मला दारातली ड्यूटी मिळाली. हप्तेवाला, पेपरवाला, भिशीच्या काकू, ज्याच्याकडून हातउसने घेतले तो बाबांचा जुना मित्र, कोणीही आलं की मी जायचं आणि सांगायचं बाबा घरी नाहीयेत, गावाला गेलेत. आईने ट्रेनिंग दिलेलं: साखळी काढायची नाही, मागे वळून बघायचं नाही, कधी येणार विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. बाबा आतल्या खोलीत, पडद्यामागे, आणि पडदा थोडा आखूड होता त्यामुळे खालून त्यांचे पाय दिसायचे, म्हणून मग मी दारात जरा आडवी उभी राहायचे. हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, माझं मीच शोधलेलं.

एकदा तो हप्तेवाला खाली बघून म्हणाला, बूट तर इथेच आहेत की गं.

मी म्हणाले, ते जुने आहेत.

एक सेकंद पण लागला नाही मला. तो माणूस माझ्याकडे बघून हसला, म्हणाला लई हुशार आहेस, आणि गेला. आई आतून आली आणि डोक्यावरून हात फिरवला. खरं सांगते, त्या वर्षी मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

आणि त्याच आठवड्यात गणिताच्या चाचणीत कमी मार्क पडले म्हणून मी पेपर दप्तराच्या तळाशी लपवला, तो सापडला, तर बाबांनी उभं करून ऐकवलं की आपल्या घरात खोटं चालत नाही. आपल्या घरात! मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला रडू पण आलं नाही. रडू यायला समोरच्यावर थोडा तरी विश्वास असावा लागतो बहुतेक.

माझी तक्रार काय आहे ते नीट सांगते कारण लोक लगेच म्हणतात अगं त्यांनी तुमच्यासाठीच केलं ना सगळं. हो, केलं. पैसे नव्हते याचा मला तेव्हाही राग नव्हता, आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणाकडेच नव्हते. देणेकऱ्यांना टाळायचे त्याचाही नाही. दारात मी मोठी आणि आत आले की लहान, याचा राग होता. दिवसा माझ्याकडून खोटं बोलवून घ्यायचं आणि रात्री मी विचारलं की बाबा आपल्याकडे पैसे आहेत ना, तर म्हणायचं तू अभ्यास कर, तुला काय करायचंय.

मग ते पसरत गेलं. आमच्या शाळेत संचयिका होती, मुलांची बचत बँक, बाई महिन्याला पाच-दहा रुपये गोळा करायच्या आणि छोट्या पासबुकात लिहून द्यायच्या. माझं पासबुक एक दिवस दप्तरातून गायब. बाबा म्हणाले शाळेने योजना बंद केली. दुसऱ्या दिवशी माझ्याच बाकावरची मैत्रीण दहाची नोट घेऊन रांगेत उभी. मी बाईंना विचारलं तर बाईंनी एकदम आवाज मऊ केला आणि म्हणाल्या बाबांना विचार हं बाळा. म्हणजे बाईंना माहीत होतं. म्हणजे सगळे एकमेकांना सामील होते! त्या दिवशी माझ्या डोक्यात मोठ्या माणसांची एक टोळी तयार झाली आणि त्यात मी सरसकट सगळ्यांना टाकलं, डॉक्टर, बाई, मामा, गणपती मंडळाचे काका, सगळे.

मंडळाच्या काकांचं तर बरोबरच निघालं. ते आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत होते. तेव्हा सगळीकडचे व्याजदर घसरत होते, पीपीएफचंच बघा, जानेवारी 2000 पर्यंत 12 टक्के होतं ते मार्च 2003 पर्यंत 8 वर आलं. म्हाताऱ्या माणसांची पंचाईत झाली आणि जो जास्त देईल त्याच्याकडे पैसे जायला लागले. माझ्या आजीने तिचे ठेवीचे पैसे त्या पतसंस्थेत टाकले कारण काका घरी येऊन, चहा पिऊन म्हणाले होते की आजी, तुमच्या कपाटात ठेवल्यासारखे सेफ आहेत. मग एक दिवस शटर खाली. बँक बुडाली तर ठेवीला विमा असतो, तेव्हा एक लाखाचा होता, 2020 पासून पाच लाखांचा झाला, पण पतसंस्थेला तो विमा नसतोच. हे आजीला कोणी सांगितलं नव्हतं. काकांनी तर नाहीच. पुढच्या गणपतीत काका आरतीला पुढेच उभे होते, तबक घेऊन, आणि आजी मागे हात जोडून. मी आरती म्हटली नाही. आईने चिमटा काढला तरी नाही.

एकच माणूस त्या टोळीत बसत नव्हता, तो म्हणजे कोपऱ्यावरचा किराणावाला. राजस्थानी, पण मराठी आमच्यापेक्षा फास्ट. त्याच्याकडे आमची उधारीची वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, वरच्या डाव्या कोपऱ्यात बाबांचं आडनाव. मी सामान आणायला जायचे तर तो दरवेळी वही माझ्याकडे फिरवून धरायचा, बोट ठेवून दाखवायचा, हे मागचं, हे आजचं, हे टोटल, वाच. मोठ्याने वाच. मग म्हणायचा, घरी सांग शेठने सांगितलं पाच हजाराच्या वर नाही देणार. गोड बोलायचा नाही, चॉकलेट वगैरे कधी हातावर ठेवलं नाही. एकदा 4,270 झाले होते आणि मी साखर मागितली तर म्हणाला एक किलो नको, अर्धा ने, अजून महिना जायचाय. अकरा वर्षांच्या मुलीशी तो माणूस सरळ धंद्याचं बोलत होता. मला त्याच्या दुकानात जायला आवडायचं. घरात जे कोणी सांगत नव्हतं ते तिथे निळ्या शाईत लिहिलेलं असायचं.

बाबांना खरंच काम लागलं ते 2002 च्या पावसाळ्यात. पेढे आणले. मी पेढा खाल्ला आणि बुधवारची वाट बघितली. बूट उलटे केले तर चिप्स नाहीत! पुढच्या आठवड्यातही नाहीत. महिना झाला, दोन झाले, घरात दूध परत एक लिटर यायला लागलं, फोन चालू झाला, आणि मी आपली ठाम की हे परत आकुर्डी स्टेशन प्रकरण आहे (स्टेशनचं तेव्हा माहीत नव्हतं, पण तत्सम काहीतरी). उलट मला जास्त भीती वाटायला लागली, की मग हे दुधाचे पैसे कुठून येतायत? कोणाकडून घेतले? दिवाळीत बाबा कंपनीचं नाव छापलेला मिठाईचा बॉक्स आणि एक स्टीलचा डबा घेऊन आले. मी त्या बॉक्सवरचा पत्ता वाचला, शेजारच्या दादाला विचारलं अशी कंपनी आहे का, तो म्हणाला आहे की, चाकण रोडला. मग कळलं की बाबांना तिथे लेथवर नाही, इन्स्पेक्शनला घेतलं होतं. टेबलावर बसून व्हर्नियर नावाच्या मापपट्टीने तयार पार्ट मोजायचे. चिप्स कुठून येणार.

म्हणजे बाबा खरं बोलत होते तेव्हाही मी तीन-चार महिने त्यांना खोटं धरून चालले होते. पैसे परत आल्यावर दूध परत आलं, फोन परत आला, विश्वास काही त्यांच्याबरोबर परत आला नाही. आजही मी ऑफर लेटर तीनदा वाचते, बिल्डरचं रेरा रजिस्ट्रेशन स्वतः साईटवर जाऊन बघते, आणि कोणी “काळजी करू नका, मी आहे ना” म्हणालं की माझी नजर आपोआप त्याच्या पायाकडे जाते. नवरा म्हणतो तू ऑडिटमध्ये जायला पाहिजे होतंस. मी ऑडिटमध्येच आहे.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमच्या सोसायटीतला एक मुलगा. रावेतला राहतो आम्ही, निम्मी सोसायटी हिंजवडीला जाते. गेल्या दोनतीन वर्षांत आयटीत जी कपात चाललीये तिचा इथे कोणी उच्चार करत नाही पण पार्किंगमध्ये दिसतं, गाड्या दिवसभर उभ्या. तर हा मुलगा लिफ्टमध्ये माझ्याबरोबर होता, आठनऊ वर्षांचा असेल, त्याचे बाबा आधीच्याच लिफ्टने लॅपटॉपची बॅग घेऊन खाली गेलेले. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, बाबा ऑफिसला का? तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “हो, पण आयडी कार्ड घरीच ठेवून जातात.”

आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं, मी काय करते ते बघायला. ती नजर मी ओळखते. मी “विसरले असतील रे” म्हणू शकले असते, जिभेवर आलं होतं. मी एवढंच म्हणाले, “तू बघितलंस होय.” तो म्हणाला, “रोज बघतो.” तेवढ्यात तळमजला आला.

त्याच्या आईबापाला जाऊन काही सांगायचा मला अधिकार नाही आणि मी सांगणारही नाही. मुलांना घरातला सगळा हिशोब मांडून दाखवा असंही माझं म्हणणं नाही, आठ वर्षांच्या पोराने ईएमआयचं टेन्शन कशाला घ्यायचं. पण त्याला जे दिसलेलंच आहे ते तरी नाही म्हणू नका ना. नोकरी गेलीये, शोधतोय, तोपर्यंत पिझ्झा बंद. दोन वाक्यं आहेत. आमच्या किराणावाल्याला जमत होती.

परवा चिंचवडला आईबाबांकडे गेले होते, भाऊ पण आलेला. जेवताना हा लिफ्टचा किस्सा सांगितला आणि मग ओघात बुटांचंही बोलून गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बाबा ऐकत होते, म्हणाले, आम्हाला वाटायचं तुला काही कळत नाही. त्यांचं तोंड उतरलं, मला वाईट वाटलं, मी म्हणाले जाऊ द्या हो बाबा.

पण आईने भाताचं पातेलं पुढे सरकवत म्हटलं, “तुम्हाला वाटत असेल. मला माहीत होतं तिला कळतंय. म्हणून तर तिलाच दारात पाठवायचे. ह्याला पाठवलं असतं तर ह्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असायचं.”

हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे की डोकं फिरायला पाहिजे हे माझं अजून ठरलेलं नाही. भाऊ मात्र हसत सुटला. त्याला आजही खोटं बोलता येत नाही, वहिनी म्हणते साधं सरप्राईज गिफ्टसुद्धा आधी फुटतं. आणि कुणी काहीही सांगितलं तरी त्याचा पटकन विश्वास बसतो, आत्तापर्यंत दोनदा ऑनलाईन पैसे घालवून बसलाय.

दोन्ही वेळा मला फोन केला नव्हता, नंतर सांगितलं. म्हणे तू बोलली असतीस.

बोललेच असते.